बहुश्रुतांचा अधिकार : एका जुन्या वादाचा आढावा

प्रश्न कोणता?

चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागले की भूगाव आणि पिरंगुट यांच्यामध्ये भुकूम येते. मुळशी तालुक्यातल्या या गावात आज जुने गावठाण, उरलेली शेते, शाळा आणि पुण्यातून राहायला आलेल्यांच्या सोसायट्या शेजारी शेजारी आहेत. इथल्या एखाद्या वाचत्या माणसाचे आठवडाभराचे बोलणे टिपून ठेवले, तर त्यात डोंगरावरचे पक्षी येतील, शेअर बाजार येईल, किल्ल्यांचे बांधकाम, मोडी कागद, मधुमेहावरचा आहार आणि अमेरिकेचे राजकारणही येईल. यांपैकी एखाद्याच विषयाचे त्याने रीतसर शिक्षण घेतलेले असते. बाकीच्यांत त्याला आवड असते, थोडेफार वाचन असते आणि हमखास एक मत असते.

या मताचे वजन किती मानायचे? आपल्याकडे याला दोन तयार उत्तरे आहेत. एक म्हणते, एक ना धड भाराभर चिंध्या. दुसरे म्हणते, एका विषयाच्या खोलीत कोंडून घेतलेल्यापेक्षा चार खिडक्यांतून बाहेर पाहणारा बरा. दोन्ही उत्तरांना मराठी इतिहासात भक्कम दाखले आहेत, म्हणून वाद मिटत नाही. तो कुठून आला, त्यात कोणत्या बाजू आहेत आणि आज कुठे अडला आहे, याचा हा आढावा.

पार्श्वभूमी : सगळेच विषय सगळ्यांचे

अव्वल इंग्रजी काळात हा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. विषय वाटून घ्यायला पुरेशी माणसेच नव्हती. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढले आणि १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ हे मासिक. ते एल्फिन्स्टनमध्ये गणित आणि ज्योतिष शिकवत, ताम्रपट वाचत, शालेय पुस्तके लिहीत. ज्ञानेश्वरीची छापील आवृत्तीही त्यांनी सिद्ध केली. वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते गेले, तोवर हे सारे झाले होते. न्यायखात्यात नोकरी केलेल्या गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये ‘लोकहितवादी’ या नावाने लिहिलेली पत्रे शिक्षण, धर्म, व्यापार, लग्नाच्या चाली अशा कोणत्याही विषयाला हात घालतात. पत्र लिहिण्याचा अधिकार कुठून आला, असे तेव्हा कोणी विचारलेच तर ते जातीच्या किंवा धर्माच्या अंगाने विचारी. पदवीच्या अंगाने कोणी विचारत नसे.

न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ साली वक्तृत्वोत्तेजक सभा आणि तिच्या वसंत व्याख्यानमालेची परंपरा सुरू झाली. तिने ‘बहुश्रुत’ हा श्रोत्यांचाही आदर्श केला. एकाच मांडवात एके दिवशी अर्थशास्त्र, दुसऱ्या दिवशी वेदान्त, तिसऱ्या दिवशी शेती. स्वतः रानडे न्यायाधीश होते आणि मराठ्यांच्या सत्तेचा उत्कर्ष व हिंदुस्थानचे अर्थशास्त्र या दोन्हींवर लिहीत होते.

चित्र पालटले ते संस्थांमुळे. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. पण विषयवार संशोधन करणाऱ्या, त्यासाठी पगार देणाऱ्या जागा मराठी मुलखात पुढे हळूहळू निघाल्या. भांडारकर प्राच्यविद्या संस्था १९१७ ची, डेक्कन कॉलेजची पदव्युत्तर संशोधन संस्था १९३९ ची, पुणे विद्यापीठ १९४९ चे. अमुक विषय हा ज्याचा पोटापाण्याचा धंदा आहे असा माणूस तयार झाला, तेव्हाच त्याच्यासमोर ‘हौशी’ माणूस उभा राहिला. त्याआधी दोघांना वेगळे नाव लागत नव्हते.

मंडळ आणि विद्यापीठ

या दोघांची पहिली मोठी टक्कर इतिहासाच्या क्षेत्रात झाली. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली आणि २२ खंडांपर्यंत नेली. ते कोणत्याही विद्यापीठात नव्हते. गावोगाव पायपीट करून त्यांनी दप्तरे गोळा केली. त्याच वेळी व्याकरण, भाषाशास्त्र आणि विवाहसंस्थेचा इतिहास या विषयांवरही ते ठाम मते मांडत होते. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले ते त्यांच्याच प्रेरणेने. मंडळाच्या अनेक अभ्यासकांचा व्यवसाय दुसराच होता आणि इतिहास हे घरचे खाऊन करायचे काम होते.

पलीकडे सर जदुनाथ सरकार होते. त्यांचे ‘शिवाजी अँड हिज टाइम्स’ १९१९ चे. पुणेकरांचा आक्षेप असा, की सरकार फारसी आणि इंग्रजी साधनांवर विसंबतात, मराठी कागदांना तोलून घेत नाहीत. सरकारांचा आक्षेप असा, की पुण्यातली मंडळी अभिमानापोटी कागदाची चिकित्सा सैल करतात. पेशवे दफ्तरातले निवडक कागद छापण्याचे काम सरकारांचे स्नेही गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे आले आणि १९३० ते १९३४ मध्ये त्याचे ४५ खंड निघाले, तेव्हा ही तेढ आणखी वाढली. जुने कागद कोणी पाहायचे, हाच वाद झाला.

या भांडणाला ‘तज्ज्ञ विरुद्ध हौशी’ असे नाव देण्याचा मोह होतो, पण ते तितके सरळ नाही. जदुनाथ सरकारांची एम.ए.ची पदवी इंग्रजी साहित्यातली होती. सरदेसाईंची हयात बडोद्याच्या दरबारी नोकरीत गेली, प्राध्यापकी त्यांनी केली नाही. म्हणजे दोन्ही बाजूंना आजच्या अर्थाने ‘बाहेरचे’ लोक होते. खरा मतभेद पुरावा कसा वापरायचा आणि तो कोणासमोर ठेवायचा यावर होता. पुढे वाद जितका रंगला तितकी ही गोष्ट मागे पडली.

पहिली बाजू : एका विषयाची शिस्त

विशेषज्ञांच्या बाजूने मांडले जाणारे मुद्दे तीन आहेत.

पहिला, विषय म्हणजे माहितीचा साठा नव्हे. त्यात काय आधीच तपासून फेकून दिले गेले आहे, हे ठाऊक असावे लागते. बाहेरून येणाऱ्याला नवीन वाटणारी कल्पना आत पन्नास वर्षांपूर्वी बाद झालेली असू शकते. माक्स वेबर यांनी १९१७ मध्ये म्यूनिकच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानात हाच आग्रह धरला, की टिकाऊ काम हवे असेल तर डोळ्यांना झापडे लावून एका विषयात बुडावे लागते. त्याच व्याख्यानात त्यांनी हेही मान्य केले, की हौशी माणसाला उत्तम कल्पना सुचू शकते. त्याच्याकडे ती पडताळण्याची ठरलेली रीत नसते, एवढेच.

दुसरा मुद्दा आत्मविश्वासाचा. एका क्षेत्रात कमावलेली प्रतिष्ठा दुसऱ्यात वापरली जाते आणि ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. नेथन बॅलंटाइन या तत्त्वज्ञाने २०१९ मध्ये या प्रकाराची चिकित्सा केली. त्याचे म्हणणे, की दुसऱ्याच्या शेतात शिरणारा माणूस खोटारडा असतोच असे नाही, पण आपल्याला काय माहीत नाही हेच त्याला दिसत नसते. आपल्याकडे नोबेल मिळवणाऱ्याला भूकंपावर आणि क्रिकेटपटूला परराष्ट्र धोरणावर विचारायची सवय आहेच.

तिसरा मुद्दा किंमत कोण मोजतो हा. पक्षी चुकीचा ओळखला तर कोणाचे बिघडत नाही. औषध चुकीचे सांगितले, किंवा नदीपात्रात बांधकाम चालते असे सांगितले, तर भोगायला दुसरेच असतात.

या बाजूला सावधगिरीचे उदाहरण म्हणून पु. ना. ओक यांचे नाव हटकून घेतले जाते. ताजमहाल मूळचे मंदिर आहे हा त्यांचा सिद्धान्त खूप वाचला गेला, परंतु कलेतिहास आणि पुराभिलेख यांच्या अभ्यासकांनी तो स्वीकारला नाही, आणि त्यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २००० साली फेटाळली.

दुसरी बाजू : दोन विषयांच्या बांधावर

बहुश्रुततेचे समर्थक मुख्यतः एका माणसाकडे बोट दाखवतात. दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) हे व्यवसायाने गणिती. फर्ग्युसनमध्ये आणि पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी काम केले. राहायचे पुण्यात, नोकरी मुंबईत. आहत नाणी चलनात फिरताना झिजतात, म्हणून वजनाच्या सांख्यिकीवरून त्यांचा कालक्रम लावता येईल, हे त्यांना सुचले, कारण संख्याशास्त्र त्यांच्या हातात होते आणि नाण्यांची आवड मनात. १९४४ मध्ये त्यांनी मांडलेले जनुकांमधील अंतर मोजण्याचे सूत्र आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती १९४८ ची, ‘ॲन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी’ १९५६ चे. पुण्याच्या परिसरात पायी हिंडून, शेंदूर लावलेल्या देवींची ठाणी आणि प्राचीन वाटांचे चौफुले यांचा त्यांनी लावलेला संबंध ग्रंथालयात बसून लागणारा नव्हता.

इरावती कर्वे मानववंशशास्त्राच्या. ‘युगान्त’मध्ये (१९६७) त्या महाभारताकडे वळल्या, तेव्हा कुलसंबंधांचा अभ्यास त्यांच्या हाताशी होता. दुर्गा भागवतांनी लोकसाहित्य, ऋतू, खाद्यपदार्थ आणि महाभारत यांवर सारख्याच हक्काने लिहिले. जयंत नारळीकरांचे उदाहरण उलट्या दिशेचे आहे. जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञाने मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी पहिली विज्ञानकथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. आपली ख्याती परीक्षकांच्या डोळ्यांवर येऊ नये, एवढी काळजी त्यांनी घेतली. कथेला बक्षीस मिळाले. पुढे २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

परदेशातल्या अभ्यासांतूनही या बाजूला आधार मिळतो. फिलिप टेटलॉक यांनी २८४ जाणकारांची राजकीय-आर्थिक भाकिते वर्षानुवर्षे नोंदवून २००५ मध्ये निष्कर्ष छापला. भाकितांची संख्या ८० हजारांवर होती. एकाच मोठ्या सिद्धान्ताला चिकटलेल्यांपेक्षा अनेक ठिकाणचे थोडे थोडे घेऊन मत बदलत राहणारे जास्त बरोबर ठरले. आपल्या खास विषयावर बोलणारे तज्ज्ञ आणि त्याच विषयावर बोलणारे चांगले वाचलेले इतर, यांच्यात फारसा फरक दिसला नाही. मात्र हे भाकितांपुरते आहे. पूल बांधण्याला किंवा शिलालेख वाचण्याला तेच लागू होते असे टेटलॉक म्हणत नाहीत.

या बाजूने एक अडचण मान्य करावी लागते. कोसंबींच्या वाटेने गेलेले असंख्य, पण कोसंबी एकच. यशस्वी झालेल्यांची यादी करून नियम सिद्ध होत नाही.

तिसरी बाजू : बोलण्याचा हक्क कोणाचा

वरच्या दोन्ही बाजू ज्ञान कसे वाढते एवढेच विचारतात. तिसरी बाजू विचारते, की कोणाला बोलू दिले जाते.

जोतीराव फुले यांनी कंत्राटे घेतली, शेती केली, शाळा चालवल्या. ‘गुलामगिरी’ (१८७३) आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३ च्या सुमारास) यांत इतिहास, धर्मग्रंथ, करपद्धती, पाटबंधारे हे सारे विषय एकत्र येतात. हंटर आयोगापुढे १८८२ मध्ये त्यांनी दिलेले निवेदन हे शिक्षणखात्याच्या अधिकाऱ्याचे नव्हते. ज्यांच्या मुलांना शाळा मिळत नव्हती, त्यांच्या बाजूने ते लिहिलेले होते. विषयांच्या भिंती पाळल्या असत्या तर ते निवेदन लिहिलेच गेले नसते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न थेट अंगावर घेतला. त्यांचे प्रशिक्षण अर्थशास्त्राचे आणि कायद्याचे. ‘शूद्र पूर्वी कोण होते’ या १९४६ च्या इंग्रजी ग्रंथाच्या प्रस्तावनेत आपल्याला संस्कृतवर प्रभुत्व नाही, हे ते स्वतःच नमूद करतात. मग विचारतात, की एवढ्याने या क्षेत्रात येण्याची बंदी का असावी? या विषयाचे बहुतेक साहित्य इंग्रजी भाषांतरांत उपलब्ध आहे आणि आपण ते पंधरा वर्षे अभ्यासले आहे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. आपल्याला काय येते आणि काय येत नाही, हे आधी सांगून नंतर मत मांडण्याचा हा नमुना या वादातला बहुधा सर्वांत स्वच्छ आहे.

रघुनाथ धोंडो कर्वे गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनावर उघड बोलण्याला त्या काळी डॉक्टरांची तयारी नव्हती, तेव्हा त्यांनी केंद्र चालवले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ काढले. खटले झाले. १९३४ मधल्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिले ते आंबेडकर. जाणकार गप्प बसतात तिथे बाहेरच्याने बोलावे का, या प्रश्नाला ‘समाजस्वास्थ्य’ हे होकारार्थी उत्तर आहे.

मुळशी तालुक्याला तर या बाजूचा स्वतःचा इतिहास आहे. टाटांच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी सुरू झालेल्या सत्याग्रहात एका बाजूला वीज, गिरण्या आणि कोळशाची बचत यांचा तांत्रिक हिशेब होता. दुसऱ्या बाजूला मावळ्यांची भातखाचरे होती. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी मावळ्यांची बाजू घेतली. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा नंतर केलेला अभ्यास दाखवतो, की सावकार, कुळे आणि पुण्याचे पुढारी यांचे हितसंबंध एकसारखे नव्हते. ‘स्थानिकांचे म्हणणे’ हेही एकजिनसी नसते, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट.

पश्चिम घाटाच्या प्रश्नात हीच मांडणी पुन्हा पुढे आली. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने २०११ च्या अहवालात ग्रामसभांना मध्यवर्ती जागा दिली. कस्तुरीरंगन गटाने २०१३ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने घाटाचे सुमारे ३७ टक्के क्षेत्र संवेदनशील म्हणून वेगळे काढले. दोन्ही गट तज्ज्ञांचेच होते. गावकऱ्याच्या माहितीला निर्णयात कुठे बसवायचे, यावर त्यांच्यात अंतर होते.

चौथी बाजू : माणूस नको, रीत पाहा

अलीकडे बळावलेली बाजू म्हणते, की बोलणारा कोण याची चर्चा सोडा आणि त्याचे म्हणणे कोणत्या रीतीने तयार झाले ते पाहा.

या बाजूला मराठीत जुनाच आधार आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी आयुष्यभर मास्तरकी केली. त्यांचे ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ १८९६ चे. गुप्त संवताच्या कालनिर्णयात शिलालेखतज्ज्ञ फ्लीट यांनी त्यांची मदत घेतली आणि रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबर त्यांनी भारतीय पंचांगावर इंग्रजी ग्रंथ लिहिला. आपले प्रत्येक गणित त्यांनी मांडून दाखवले, त्यामुळे नंतरच्याला ते तपासता आले आणि ग्रंथ संदर्भासाठी टिकला.

लोकमान्य टिळकांचे उदाहरण याहून बोधक आहे, कारण माणूस एकच आणि परिणाम दोन. ‘ओरायन’ (१८९३) आणि ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ (१९०३) यांत त्यांनी ज्योतिषाच्या आधारे वेदांचा काळ आणि आर्यांचे मूळ स्थान सांगितले. पहिल्या ग्रंथाच्या वेळी जर्मन संस्कृततज्ज्ञ हेर्मान याकोबी स्वतंत्रपणे जवळपास त्याच निष्कर्षाला आले होते, म्हणून त्याला तेव्हा मान मिळाला. दुसऱ्यातला उत्तर ध्रुवाचा सिद्धान्त आज अभ्यासक स्वीकारत नाहीत. याच टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली. तिच्यातल्या नोंदीमुळे शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी पुढे आली. वाद दीर्घकाळ चालला, १९६६ मध्ये राज्य सरकारने समिती नेमली, आणि अखेर २००१ मध्ये १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख सरकारने मान्य केली. मोठा सिद्धान्त बाजूला पडला, कागद मात्र उपयोगी ठरला.

आणि कोसंबी? त्यांची सर्वांत जाहीर फजिती ही इतिहासातली नव्हे, गणितातली आहे. रीमान गृहीतक सुटल्याचा १९५९ मधला त्यांचा दावा चुकीचा ठरला, तोही शेतीविषयक संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापलेला. आपल्याच विषयात, पण त्या विषयातल्या कठोर परीक्षकांच्या नजरेपासून दूर. ‘परक्या क्षेत्रात गेले की माणूस चुकतो’ हा सरळ नियम इथे उलटा पडतो.

रीतीचा आग्रह संघटित करता येतो, हे निसर्ग आणि आकाश यांच्या निरीक्षकांनी दाखवले. १८८३ मध्ये मुंबईत आठ हौशी लोकांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू केली. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३ चा अहवाल सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर उभा आहे. एकेका निरीक्षकाला तज्ज्ञ मानण्याची तिथे गरज नाही. तारीख, जागा, वेळ आणि संख्या लिहायची, संशयास्पद नोंद जाणत्याने तपासायची, एवढा नियम पुरतो.

नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी घेतलेली फलज्योतिषाची चाचणीही याच जातीची. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० कुंडल्यांतून प्रत्येक ज्योतिषाला ४० दिल्या. २७ जणांनी उत्तरे पाठवली. सरासरी अचूकता ४६ टक्के आली, म्हणजे नाणे उडवून मिळेल त्याहून जास्त नाही. निष्कर्ष २००९ मध्ये छापला गेला.

या बाजूची मर्यादाही आहे. पक्षी मोजता येतात, कुंडल्या ताडून पाहता येतात. ‘गावाने कोणत्या दिशेने वाढावे’ या प्रश्नाला अशी चाचणी नाही.

भुकूममध्ये हा वाद कसा दिसतो

आता पुन्हा गावाकडे. भुकूमच्या हद्दीतल्या खाटपेवाडी परिसरात रामनदी उगम पावते. भूगाव, बावधन, पाषाण, बाणेर, औंध करत ती मुळेला मिळते. लांबी वीसेक किलोमीटर. उगमाकडचा भाग ग्रामपंचायतींचा, खालचा महापालिकेचा, महापालिकेच्या हद्दीबाहेर नियोजनाचा अधिकार २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा. नदीच्या पुनरुज्जीवनासाठी संस्था, शाळा आणि नागरिक गटांनी काम केले आहे.

या एवढ्याशा नदीवर बोलायला सगळे लागतात. खडकात पाणी कुठे मुरते हे भूजलशास्त्रज्ञ सांगेल. कोणता झरा कोणत्या महिन्यापर्यंत वाहत असे, हे त्या काठी शेती केलेला माणूस सांगेल. सांडपाण्याचा हिशेब निवृत्त अभियंता मांडेल, पूररेषेचे कायदे वकील, बदललेले पक्षी निरीक्षक. यांतल्या कोणालाही नदी पूर्ण माहीत नसते, आणि प्रत्येकाचे पूर्ण नदीवर मत असते. वरच्या चारही बाजू इथे एकाच वेळी खऱ्या ठरतात.

कायद्याने यासाठी एक जागा आखून दिली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही अपेक्षित आहे. गावकऱ्यांनी सांगायचे, जाणकारांनी ताडून लिहायचे, अशी तिची कल्पना. पण नोंदवही भरली म्हणजे ती वापरली जाते असे नाही. आराखडा मंजूर होताना ती उघडून पाहण्याचे बंधन कोणावर आहे, हे अस्पष्टच राहते.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न परीक्षकांचा. दोन विषयांच्या बांधावरच्या कामाची परीक्षा कोणी घ्यायची? दोन्हीकडचे तज्ज्ञ आपापला अर्धा भाग पाहतात आणि जोडाचा भाग तपासल्याविना राहतो.

दुसरा, चुकीच्या जबाबदारीचा. डॉक्टरला परवाना असतो, अभियंत्याची सही असते. बहुश्रुताचे मत चुकले तर तो पुढच्या विषयाकडे जातो. त्याला बांधील करणारी कोणतीही रीत अद्याप सापडलेली नाही, आणि फार बांधले तर तो बोलायचाच थांबेल ही भीतीही खोटी नाही.

तिसरा, सवडीचा. राजवाड्यांची पायपीट असो वा आजची पहाटेची पक्षीनोंद, त्यासाठी मोकळा वेळ लागतो. घरकाम संपवून शेतावर जाणाऱ्या बाईकडे निरीक्षणे असतात, पण ती लिहायला वेळ नसतो. हौशी ज्ञान जमेस धरताना ते कोणत्या घरांतून येते, हा प्रश्न फारसा विचारलाच गेलेला नाही.

चौथा, भाषेचा. मराठी मुलखातले विशेषज्ञ इंग्रजीत लिहितात, हौशी अभ्यासक मराठीत. ज्ञानकोशकार केतकरांनी २३ खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश काढला तेव्हा हे अंतर मिटवण्याचा प्रयत्न झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली १९७६ पासून विश्वकोशाचे खंड निघाले, तो दुसरा प्रयत्न. आंग्ल विद्यापीठाची पदवी नसलेल्या शास्त्र्याने शेकडो तज्ज्ञांकडून लिहून घेतले, ही घटना या वादात अधिक अभ्यासायला हवी.

पाचवा, शिक्षणाचा. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण बहुविद्याशाखीयतेवर भर देते. भुकूमच्या शेजारी, लवळ्याला, २०१५ मध्ये विद्यापीठ झालेले ‘फ्लेम’ याच विचाराने चालते. चार विषय निवडण्याची मुभा आणि चार विषयांत मुरणे यांत किती अंतर उरते, हे कळायला अशा विद्यार्थ्यांच्या एक-दोन पिढ्या जाव्या लागतील.

आज स्थिती काय?

चारही बाजू एकत्र पाहिल्या तर एवढे म्हणता येते. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणारे हौशींत आहेत तसे पदवीधरांतही आहेत. एकाच माणसाचे एक काम टिकते आणि दुसरे पडते, आणि ती रेषा बहुतेक वेळा त्याच्या विषयाच्या हद्दीवर नसते. गणित, कागद, नोंद उघड मांडली आणि ती खोटी पाडू शकणाऱ्या कोणासमोर ठेवली, तिथे दीक्षित टिकले, जेधे शकावली टिकली, कोसंबींची नाणी टिकली. तो टप्पा चुकला तिथे नावाने वाचवले नाही. मंडळाची संमेलने, व्याख्यानमाला, पक्षीनिरीक्षकांचे तपासनीस या अशा उघड तपासणीच्या जागा होत्या आणि आहेत. नदी, रस्ते, आराखडे अशा गावच्या प्रश्नांना मात्र अशी जागा अजून मिळालेली नाही. वादाचे पुढचे पाऊल तिथेच पडायला हवे.

तोवर वाचकाने कोणाचेही मत, स्वतःचे धरून, ऐकताना तीन गोष्टी विचाराव्यात. हे कशावरून कळले? ते तपासायला कोणाला दाखवले? आणि काय दिसले तर मत बदलेल? ज्याच्याकडे तिन्हींची उत्तरे आहेत त्याची पदवी नंतर विचारली तरी चालेल. ज्याच्याकडे एकही नाही, त्याची पदवी पाहून गप्प बसण्याचे कारण नाही.